मायक्रोस्कोपमधून नेमकं काय दिसतं? प्रकाश आणि फ्लुओरेसन्स सूक्ष्मदर्शनाची ओळख

मागच्या व्याख्यानात आपण पेशीच्या आत काय काय असतं ते पाहिलं. केंद्रक, तंतुकणिका, पेशीला आकार देणारे तंतू वगैरे. त्यानंतर एका श्रोत्यांचा निरोप आला. ‘सर, मुलीला मायक्रोस्कोप घेऊन द्यायचा आहे. दुकानात बाराशे पटींचा आणि दोन हजार पटींचा असे दोन आहेत. कुठला घेऊ?’ मी त्यांना म्हटलं, खोक्यावरचा तो पटींचा आकडा आधी विसरा, मग आपण बोलू. त्यांना ते उत्तर फारसं आवडलं नसावं. म्हणून आज तेच उत्तर जरा सविस्तर देतो. मायक्रोस्कोपमधून दिसतं म्हणजे नेमकं काय होतं आणि जे दिसलं त्यावर विश्वास कधी ठेवायचा, हा आजचा विषय आहे.

मोठं दिसणं आणि सुटं दिसणं

रात्री घाटातून समोरून एसटी येत असते. लांबून तिचा एकच दिवा दिसतो. गाडी जवळ आली की कळतं, अरे, हे दोन दिवे आहेत. आता लांबच्या गाडीचा मोबाइलवर फोटो काढला आणि बोटांनी ताणून मोठा केला, तर काय होईल? दिवा मोठा होईल, पण एकाचे दोन होणार नाहीत. कारण दोन दिव्यांची माहिती त्या फोटोत आलेलीच नाही. मोठं करणं हे विवर्धन. जवळजवळचे दोन बिंदू सुटे दाखवणं हे विभेदन. खोक्यावर लिहितात ते विवर्धन, आणि आपल्याला हवं असतं ते विभेदन.

आपल्या डोळ्याला साधारण एक दशांश मिलिमीटर, म्हणजे १०० मायक्रॉन अंतरावरचे दोन बिंदू सुटे दिसतात. माणसाची तांबडी रक्तपेशी ७ ते ८ मायक्रॉनची असते. तंतुकणिकेची जाडी अर्धा ते एक मायक्रॉन. पेशीतली सूक्ष्मनलिका २५ नॅनोमीटर जाड, म्हणजे मायक्रॉनचा चाळिसावा भाग. एवढी मोठी ही शिडी आहे. प्रकाशाच्या साहाय्याने आपण ती किती उतरू शकतो?

याचं उत्तर १८७३ साली जर्मनीतल्या येना गावी एर्न्स्ट आबे यांनी दिलं. कार्ल झाइस यांच्या कारखान्यात तेव्हा भिंगं अनुभवाने, चुकतमाकत बनत. आबे भौतिकशास्त्राचे. त्यांनी गणित मांडलं, की सुटे दिसणारे सर्वांत छोटे अंतर म्हणजे प्रकाशाची तरंगलांबी भागिले भिंगाच्या एन.ए.ची दुप्पट. येनामधल्या त्यांच्या स्मारकावर हे सूत्र दगडात कोरलेलं आहे.

आता हे एन.ए. काय प्रकरण आहे? न्यूमेरिकल ॲपर्चर. वस्तुभिंगावर, म्हणजे ऑब्जेक्टिव्हवर, ४०× च्या शेजारी ०.६५ असा आकडा छापलेला असतो, तो हा. वस्तूत जितका बारीक तपशील, तितका त्यातून निघणारा प्रकाश जास्त तिरका पसरतो. भिंगाने तो तिरका प्रकाश पकडला तर तपशील मिळतो, निसटला तर मिळत नाही. किती रुंद कोनातला प्रकाश भिंग गोळा करतं, त्याचं माप म्हणजे एन.ए. भिंग आणि काच यांच्यामध्ये हवा असली तर ते १ च्या वर जाऊच शकत नाही. काचेतून हवेत येताना प्रकाश बाहेरच्या बाजूला वाकतो आणि निसटतो. म्हणून १०० पटींच्या भिंगाखाली आपण तेलाचा थेंब ठेवतो. आमच्या वेळी सिडारवुड तेल असायचं. तेलाचा अपवर्तनांक काचेइतकाच, सुमारे १.५१५, असल्यामुळे प्रकाशाला वाकायचं कारणच उरत नाही आणि एन.ए. १.४ पर्यंत जातं. विद्यार्थ्यांना वाटतं, तेल भिंग घासू नये म्हणून लावतात! तसं नाही बरं का.

हिशोब करून पाहू. हिरव्या प्रकाशाची तरंगलांबी ५५० नॅनोमीटर धरा. दहा पटींच्या साध्या भिंगाचं एन.ए. ०.२५ असतं, तर उत्तर ११०० नॅनोमीटर. उत्तम तेलाच्या भिंगाला १.४ ने उत्तर येतं साधारण २०० नॅनोमीटर. म्हणजे मायक्रॉनचा पाचवा भाग. प्रकाशाची साधी शिडी इथे संपते. उपयोगी विवर्धन हे एन.ए.च्या फार तर हजार पट असतं. त्यापुढचे आकडे म्हणजे तो ताणलेला फोटो. खेळण्यातल्या मायक्रोस्कोपवरचे दोन हजार हे असेच असतात.

पारदर्शक पेशी पाहायची कशी?

विभेदन मिळालं म्हणून काम झालं असं नाही. पेशी बहुतांशी पाणीच. पाण्याच्या ग्लासात काचेचा मणी टाकल्यासारखं. गालाच्या आतली पेशी आपण शाळेत पाहतो, तेव्हा मेथिलिन ब्लू का टाकतो? नाहीतर काही कळतच नाही. प्रतिमेत वस्तू आणि पार्श्वभूमी यांत फरक लागतो. त्याला आपण कॉन्ट्रास्ट म्हणू.

इथे एक सवय मी चाळीस वर्षं पाहिली आहे. पेशी फिकट दिसली की विद्यार्थी कंडेन्सरचा पडदा बंद करत नेतो. कडा एकदम ठळक होतात, मुलगा खूश. पण पडदा बंद केला म्हणजे तिरका प्रकाश आपणच अडवला. कॉन्ट्रास्ट वाढला, विभेदन गेलं. शिवाय कडांभोवती ज्या काळ्या रेघा दिसतात, त्या पेशीत नसतातच. ऑगस्ट कोलर यांनी १८९३ साली दिवा आणि कंडेन्सर कसा जुळवायचा याची पद्धत सांगितली. ती आजही पहिल्या दिवशी शिकवायला हवी. पाच मिनिटांचं काम आहे, पण तेच टाळलं जातं.

रंग द्यायचा तर पेशी बहुधा मारावी लागते. जिवंत पेशी पाहायची असेल तर? डच भौतिकशास्त्रज्ञ फ्रिट्स झेर्निके यांनी १९३०च्या दशकात वाट काढली. पेशीतून गेलेला प्रकाश पाण्यातून गेलेल्या प्रकाशापेक्षा किंचित मागे पडतो. डोळ्याला हे मागेपुढे कळत नाही. झेर्निके यांनी त्याचं उजेड-अंधारात रूपांतर केलं. हे फेज कॉन्ट्रास्ट. १९५३ साली त्यांना नोबेल मिळालं. जिवंत पेशी विभागताना गुणसूत्रं हलतात, ओढली जातात, हे न रंगवता पाहता येऊ लागलं.

पण एक अडचण राहिलीच. फेज कॉन्ट्रास्टमध्ये सगळंच दिसतं. हजारो प्रकारची प्रथिनं एका गर्दीत. त्यातलं माझं प्रथिन कुठलं? भरलेल्या जत्रेत नाव घेऊन हाक मारावी आणि त्याच माणसाने हात वर करावा, असं काही हवं होतं.

नाव घेऊन हाक मारणं: फ्लुओरेसन्स

दुकानात नोट तपासायचा जांभळा दिवा तुम्ही पाहिला असेल. त्याखाली नोटेतले काही धागे आणि क्रमांक चमकतात. अतिनील प्रकाश दिसत नाही, पण तो पडल्यावर निघणारा प्रकाश दिसतो. पाठ्यपुस्तकात याला प्रतिदीप्ती म्हणतात. प्रयोगशाळेत सगळे फ्लुओरेसन्स म्हणतात, म्हणून मीही तेच म्हणतो. १८५२ साली जॉर्ज स्टोक्स यांनी क्विनाइनच्या द्रावणावर हे तपासलं आणि फ्लुओराइट या खनिजावरून नाव दिलं. त्यांनी पाहिलं, की बाहेर येणारा प्रकाश आत गेलेल्या प्रकाशापेक्षा लांब तरंगांचा असतो.

कारण सोपं आहे. रेणू प्रकाश शोषतो, त्यातला इलेक्ट्रॉन वर चढतो. काही नॅनोसेकंद तिथे थांबतो, तेवढ्यात थोडी ऊर्जा उष्णता म्हणून जाते. मग उरलेली ऊर्जा प्रकाश म्हणून टाकून तो खाली येतो. शंभर रुपये घेऊन निघालात, वाटेत दहा खर्च झाले, तर घरी नव्वदच पोचणार. ऊर्जा कमी म्हणजे तरंगलांबी जास्त. निळा गेला, हिरवा आला.

या छोट्याशा फरकावर सगळं यंत्र उभं आहे. फ्लुओरेसीन या रंजकाचंच घ्या. तो ४९५ नॅनोमीटरच्या आसपासचा निळा प्रकाश घेतो आणि ५२० च्या आसपासचा हिरवा देतो. यंत्रात एक चौकोनी ठोकळा असतो, त्यात तीन गोष्टी. पहिली गाळणी दिव्यातून फक्त निळा येऊ देते. मग एक खास आरसा, जो निळा परावर्तित करतो आणि हिरवा आरपार सोडतो. निळा प्रकाश आरशावरून वस्तुभिंगातून खाली पेशीवर पडतो. त्याच भिंगातून हिरवा वर येतो, आरशातून पार होतो. शेवटची गाळणी उरलासुरला निळा अडवते. डोळ्याला मिळते काळी पार्श्वभूमी आणि तिच्यावर हिरवे बिंदू.

काळ्या पार्श्वभूमीचं महत्त्व लक्षात घ्या. तारे दिवसाही असतातच, पण दिसतात रात्री. म्हणूनच २५ नॅनोमीटर जाडीची सूक्ष्मनलिका फ्लुओरेसन्समध्ये दिसते. २०० च्या मर्यादेचं काय झालं मग? मर्यादा तशीच आहे. ती नलिका पडद्यावर २०० नॅनोमीटरहून जाड दिसते, आणि शेजारी चिकटून दुसरी असेल तर दोन्ही मिळून एकच दिसतात. अस्तित्व कळलं, जाडी कळली नाही. हा फरक आपल्याला पुढे लागणार आहे.

आता रंजकाला पत्ता कसा द्यायचा? तीन वाटा आहेत. काही रंजक स्वतःच जागा निवडतात. डॅपी हा डी.एन.ए.ला चिकटतो आणि केंद्रक निळं उजळतं. दुसरी वाट आल्बर्ट कून्स यांनी १९४१च्या सुमारास दाखवली. शरीर ज्या प्रतिपिंडांनी एक विशिष्ट प्रथिन ओळखतं, त्या प्रतिपिंडालाच रंजक जोडायचा. आता प्रतिपिंड जिथे जाईल तिथे दिवा लागणार. पण प्रतिपिंड आत शिरायला पेशी मारून तिला भोकं पाडावी लागतात.

तिसरी वाट जेलीफिशमधून आली. ओसामु शिमोमुरा अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावर एका जेलीफिशचा निळा प्रकाश शोधत होते. १९६२ साली त्यांनी ते प्रथिन वेगळं केल्याचं प्रसिद्ध केलं, आणि जाताजाता नोंदवलं, की सोबत आणखी एक हिरवं चमकणारं प्रथिन सापडलं. हेच पुढचं जी.एफ.पी. तीस वर्षं ते जवळजवळ पडूनच होतं. १९९२ साली डग्लस प्रॅशर यांनी त्याचं जनुक मिळवलं आणि इतरांना मोकळेपणाने पाठवलं. मार्टिन चाल्फी यांनी १९९४ साली ते जिवाणूत आणि एका छोट्या कृमीत घातलं, आणि दोन्ही हिरवे चमकले. जेलीफिशचं दुसरं काहीही लागलं नाही. कारण या प्रथिनाचा चमकणारा भाग त्याच्याच तीन अमिनो आम्लांपासून आपोआप घडतो, थोडा ऑक्सिजन मिळाला की झालं. रॉजर त्सिएन यांनी त्याचे अनेक रंग तयार केले. २००८ चं रसायनशास्त्राचं नोबेल शिमोमुरा, चाल्फी आणि त्सिएन यांना मिळालं. प्रॅशर यांचं नाव त्यात नव्हतं. पण आज जगातल्या कुठल्याही प्रयोगशाळेत हिरवी पेशी चमकते, तेव्हा त्यांनी पाठवलेल्या त्या पाकिटाची आठवण ठेवायला हरकत नाही.

आपल्या प्रथिनाच्या जनुकाला हे जनुक जोडलं, की जिवंत पेशीत ते प्रथिन कुठे जातं, कधी जातं, ते घड्याळ लावून पाहता येतं.

माझे तीन महिने

आता एक घरचा अनुभव सांगतो. पीएच.डी.च्या वेळी मी उंदराच्या यकृताच्या पातळ चकत्यांवर काम करत होतो. पाऱ्याच्या वाफेचा दिवा, दोनशे तासांचं त्याचं आयुष्य, प्रत्येक तासाची वहीत नोंद. अंधाऱ्या खोलीत बसून मी प्रतिपिंड लावलेल्या स्लाइड पाहत होतो. आणि एके दिवशी दिसलं! पेशीत सुंदर हिरवे ठिपके. तीन महिने मी फिल्मवर फोटो काढले, ठिपके मोजले, तक्ते केले. मग सगळं घेऊन आमच्या मार्गदर्शक बाईंकडे गेलो.

त्यांनी फोटो शांतपणे पाहिले. म्हणाल्या, “छान आलेत रे. आता प्रतिपिंड न लावलेली स्लाइड दाखव.”

माझ्याकडे ती नव्हती. त्या म्हणाल्या, “मग आज कर, उद्या बोलू.” संध्याकाळी स्लाइड केली. अंधारात भिंगाला डोळा लावला. तेच ठिपके. तितकेच सुंदर. प्रतिपिंडाचा थेंबही नसताना.

झालं होतं असं, की यकृताच्या पेशीत वयाबरोबर साठणारे लायपोफ्युसिनचे कण मुळातच चमकतात. शिवाय पेशी टिकवायला मी ग्लुटारल्डिहाइड वापरलं होतं, त्यानेही ऊतक चमकायला लागतं. मायक्रोस्कोप खोटं बोलला नव्हता. तिथे खरोखर प्रकाश होता. मी न विचारताच त्या प्रकाशाला माझ्या प्रथिनाचं नाव देऊन मोकळा झालो होतो.

त्या दिवसापासून मी विद्यार्थ्यांना सांगतो, की चित्र दाखवण्याआधी चार स्लाइड दाखवा. एक काहीही न लावलेली. एक फक्त दुय्यम, म्हणजे रंजकवाल्या प्रतिपिंडाची. दोन रंग वापरत असाल तर प्रत्येक रंगाची एकेकटी, कारण एकाचा प्रकाश दुसऱ्याच्या गाळणीतून सांडतो. आणि एक, जिच्यात ते प्रथिन नाहीच अशा पेशींची. चारही एकाच उजेडात, कॅमेऱ्याची मापं न बदलता.

दुसरा सापळा पिवळ्या रंगाचा. एक प्रथिन हिरवं, एक लाल. चित्रं एकमेकांवर ठेवली, पिवळं दिसलं, की लोक लिहून मोकळे होतात, ‘दोन्ही प्रथिनं एकमेकांना चिकटलेली आहेत’. अहो, आपला सर्वांत लहान चौकोन २०० नॅनोमीटरचा, प्रथिन सुमारे ५ नॅनोमीटरचं. एका रांगेत चाळीस मावतील. दोघांचा पिन कोड एक आहे म्हणून ते एका घरात राहतात असं होत नाही. शेजारी आहेत एवढं म्हणा.

आणि तिसरी गोष्ट म्हणजे, पाहणं फुकट नसतं. जास्त उजेड दिला की रंजक विझत जातो, आणि जिवंत पेशी भाजते. विभागणं थांबवते, आकसते. मग आपण पेशीचं आयुष्य पाहत नसतो, आपण दिलेला त्रास पाहत असतो.

पुढची यंत्रं, थोडक्यात

जाड ऊतकात वरच्या-खालच्या थरांचा प्रकाश मिसळून धुकं होतं. मार्विन मिन्स्की यांनी १९५७ साली पेटंटसाठी अर्ज केलेली कल्पना अशी, की एका वेळी एकच बिंदू उजळायचा आणि समोर बारीक छिद्र ठेवून फक्त त्याच पातळीचा प्रकाश घ्यायचा. हा कॉनफोकल.

आबे यांची २०० ची भिंतही ओलांडली गेली. २०१४ चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यासाठीच होतं, एरिक बेट्झिग, श्टेफान हेल आणि विल्यम मर्नर यांना. त्यातली एक युक्ती सांगतो. मे महिन्याच्या अखेरीस भंडारदऱ्याला काजवे पाहिलेत? सगळं झाड एकदम चमकलं तर प्रकाशाचा एक गोळा दिसतो. पण एका वेळी दोन-चारच चमकले, तर प्रत्येकाची जागा नेमकी सांगता येते. असे हजारो क्षण टिपून नकाशा करायचा. रेणूंचंही तसंच. २० ते ३० नॅनोमीटरपर्यंत जाता येतं. आबे चुकले नव्हते. सगळे एकदम चमकतात हे त्यांच्या हिशोबातलं गृहीत या लोकांनी बदललं.

मग विश्वास कशावर ठेवायचा?

माझ्या पदवीच्या नावात ‘फिलॉसॉफी’ आहे, आयुष्य गेलं स्लाइड धुण्यात. पण इयान हॅकिंग नावाच्या तत्त्वज्ञाने १९८१ साली नेमका हाच प्रश्न विचारला होता, की आपण मायक्रोस्कोपमधून खरंच पाहतो का? त्यांचं उदाहरण रक्तातल्या बिंबाणूंचं, म्हणजे प्लेटलेटचं. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली त्यात गडद ठिपके दिसत. ते खरे की यंत्राचे? मग फ्लुओरेसन्सखाली पाहिलं. ठिपके त्याच जागी. एक यंत्र इलेक्ट्रॉन वापरतं, दुसरं प्रकाश. दोन्हींचं भौतिकशास्त्र वेगळं. दोघांनी एकाच जागी एकच चूक करावी, हा योगायोग पटत नाही. म्हणून ठिपके खरे. एका साक्षीदाराची साक्ष कितीही सुंदर असली तरी दुसरा साक्षीदार बोलवायचा. बाईंनी मला तेच सांगितलं होतं, फक्त एका वाक्यात.

श्रोत्यांचे प्रश्न

*सर, ही महागडी यंत्रं. सामान्य माणसाला याचा काय उपयोग?*

क्षयाच्या तपासणीत रोज उपयोग होतो. थुंकीच्या स्लाइडवर ऑरामिन नावाचा रंजक लावतात, एल.ई.डी.च्या निळ्या प्रकाशाखाली क्षयाचे जिवाणू काळ्या पार्श्वभूमीवर पिवळसर चमकतात. जुन्या लाल रंगाच्या पद्धतीत तेलाच्या भिंगाखाली एकेक छोटा भाग तपासावा लागे. इथे कमी पटींच्या भिंगाने मोठा भाग एका नजरेत येतो, वेळ वाचतो, आणि थोडे जिवाणू असले तरी सापडण्याची शक्यता वाढते. पण कचराही चमकतो. म्हणून तंत्रज्ञ आकार पाहतो, आणि बॅचबरोबर ज्ञात स्लाइड तपासतो. माझ्या चुकीत माझे तीन महिने गेले. तिथे चूक झाली तर रुग्णाला नको असलेलं औषध मिळेल, किंवा हवं असलेलं मिळणार नाही.

*आणि त्या मुलीसाठी कुठला मायक्रोस्कोप घ्यायचा?*

हां, ते राहिलंच! पटी पाहू नका. ऑब्जेक्टिव्हवर एन.ए. छापलेलं आहे का ते पाहा. कंडेन्सर आहे का, तो वर-खाली होतो का, पडदा आहे का, फोकसचा स्क्रू मऊ फिरतो का. चाळीस पटींचं ०.६५ चं एक चांगलं भिंग मुलीला कांद्याच्या पापुद्र्यापासून डबक्यातल्या पॅरामेशियमपर्यंत सगळं दाखवेल. आणि पहिल्या दिवशी तिला दोन स्लाइड करायला सांगा, एक आयोडीन टाकून आणि एक न टाकता. दोन्ही तिनेच पाहायच्या, आणि फरक वहीत लिहायचा.

इथे थांबतो.